हवा धरून ठेवणं

नेमबाजीवर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते नजरेवर, श्वासावर आणि मनाच्या एकाग्रतेवर. त्यात चूक काहीच नाही. पण कोलकात्याच्या गार्डन रीचमधल्या रेल्वे क्वार्टरच्या लांब व्हरांड्यात मुलीच्या एअर पिस्तुलाची देखभाल करता करता माझं मत असं झालं आहे, की या खेळाचा निम्मा भाग नेम धरण्याचा आहे आणि निम्मा हवा धरून ठेवण्याचा. पहिल्या भागासाठी प्रशिक्षक आहेत, शिबिरं आहेत, मानसतज्ज्ञसुद्धा आहेत. दुसरा भाग एका रबरी कडीवर, ओ-रिंगवर, अवलंबून असतो. तिची किंमत कपभर चहाएवढी. ती नीट बसवून देणारा माणूस मात्र अख्ख्या शहरात शोधावा लागतो.

आमचं घर मूळचं नागपूरचं. नागपूरच्या रेल्वे वस्त्यांमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला गार्डन रीच हे नाव शाळेच्या आधीपासून ठाऊक. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिचं मुख्यालय पुढे हुगळीच्या काठी इथं आलं. १९५५ मध्ये त्याच रेल्वेतून दक्षिण पूर्व रेल्वे झाली, आणि २००३ मध्ये बिलासपूरचा नवा विभाग होईपर्यंत नागपूर मंडळाचा कारभार इथूनच चाले. बदलीचा, बढतीचा, चौकशीचा कागद आला की त्यावर गार्डन रीचचा शिक्का. वडील नागपूरला मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. मी कॅरेज अँड वॅगनमध्ये लागलो, एअर ब्रेकच्या कामावर हात बसला, आणि बदली होऊन या शिक्क्याच्या गावीच येऊन राहिलो. एका बाजूला जहाजांचा कारखाना, जिथं बांधलेली आयएनएस अजय १९६१ साली नौदलात गेली. दुसऱ्या बाजूला मटियाब्रुज, नवाब वाजिद अली शाहांनी लखनौ सुटल्यावर वसवलेलं, आता शिलाई मशीनच्या आवाजानं भरलेलं.

पिस्तुलाचा या वस्तीशी एक जुना संबंध आहे. १२ फेब्रुवारी १९१५ रोजी याच गार्डन रीचमध्ये क्रांतिकारकांनी बर्ड कंपनीचे १८,००० रुपये लुटले. त्या प्रकरणात पकडले गेलेले नरेंद्रनाथ भट्टाचार्य म्हणजे पुढचे मानवेंद्रनाथ रॉय, आपल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींवर ज्यांच्या विचारांचा खोल ठसा उमटला तेच. आमच्या घरातलं पिस्तूल त्या जातीचं नव्हे. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं फेकायचा, त्यात ऊर्जा पाच-सहा ज्यूल. तेवढ्यानंही डोळा जाऊ शकतो, म्हणून नळीत सेफ्टी फ्लॅग आणि बोट चापाबाहेर हा नियम घरातही पाळायचा. पण त्याचा जन्म कागदावरच्या गोलासाठीच झाला आहे. दहा मीटरवर ठेवलेल्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलीमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं.

मुलीच्या हातात पहिलं आलं ते वापरलेलं, कार्बन डायऑक्साइडवर चालणारं जर्मन बनावटीचं पिस्तूल. १९८८ साली सोलला एअर पिस्तूल ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा या वायूचा चांगला जम बसलेला होता. त्याची सोय अशी, की तो सिलिंडरात द्रवरूपानं मावतो आणि द्रव शिल्लक आहे तोवर दाब आपोआप सारखा राहतो. अडचणही त्यातच आहे. तो दाब ठरतो केवळ तापमानावर. वीस अंशाला ५७ बार, तीस अंशाला ७२. कोलकात्यात जानेवारीच्या पहाटे पारा चौदावर उतरला की तोच दाब पन्नासच्या आसपास. पेलेट सुस्तावतो आणि गोळ्यांचा गट खाली सरकतो. शिवाय भराभर गोळ्या झाडल्या तर द्रवाची वाफ होताना सिलिंडरच थंड पडतं, आणि दहावा पेलेट पहिल्यापेक्षा हळू जातो. दोन गोळ्यांमध्ये मिनिटभर थांबा आणि पुन्हा झाडा. फरक गेला तर पिस्तुलात दोष नाही, घाई तेवढी आहे.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबला तरी. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात आमच्या व्हरांड्यात त्या सिलिंडरात द्रव नसतोच. असतो तो दाट, तापलेला वायू, आणि त्याचा दाब तुम्ही किती भरलाय त्यावर चढत जातो. जास्त चढला तर आतला हातोडा व्हॉल्व्ह उघडायलाच कमी पडतो. चाप ओढला की नुसता खट्ट आवाज, किंवा पेलेट रडतखडत बाहेर. लोकांना वाटतं गॅस संपला. तो संपलेला नसतो, उलट भारंभार झालेला असतो. म्हणून हे सिलिंडर वजनावर भरायचं, काट्यावर ठेवून. ठरलेल्या ग्रॅमपेक्षा एक ग्रॅमही जास्त नाही. आणि भरलेलं सिलिंडर उन्हातल्या गाडीत कधीही ठेवायचं नाही. ही सूचना पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. मला ती दारावर पाटी करून लावावीशी वाटते.

या वायूची आणखी एक खोड सीलवर उठते. साधं काळं नायट्राइल रबर त्याला शोषून घेतं. दाब काढून ओ-रिंग बाहेर घेतली की ती फुगलेली असते आणि पुन्हा खाचेत बसता बसत नाही. अशा वेळी ब्लेड घेऊन ती छाटणारे पाहिले आहेत. काही करू नये. एक रात्र कागदावर ठेवली की वायू निघून जातो आणि कडी आपल्या मापाला येते. कायमचा इलाज हवा तर पॉलियुरेथेनची सील घालावी, ती या वायूत फारशी फुगत नाही.

१९९० नंतर स्पर्धेची पिस्तुलं हळूहळू दाबलेल्या हवेकडे वळली, आणि आमच्या घरातही पुढे तसंच पिस्तूल आलं. इथं माझं नोकरीतलं शिक्षण कामी आलं. रेल्वेच्या डब्याखालून जाणाऱ्या ब्रेक पाइपात पाच किलोचा दाब असतो. पिस्तुलाच्या सिलिंडरात २०० बार, म्हणजे चाळीस पट. पण प्रश्न तेच. हवा कोरडी आहे का? सील जागेवर आहे का? दाब ठरल्या ठिकाणी थांबतो का? गाडी सुटण्याआधी आम्ही ब्रेक पाइपची गळती मोजतो. प्रवासी गाडीला मिनिटाला ०.२ किलोपेक्षा जास्त घट चालत नाही. त्या सवयीनं मी मुलीला शिकवलं, की रात्री सिलिंडरच्या गेजचा आकडा लिहून ठेवायचा, सकाळी पुन्हा वाचायचा, आणि शेजारी तापमानही लिहायचं, कारण गार पडलेल्या सिलिंडरात काटा थोडा उतरतोच. ती गळती नव्हे.

हवा कोरडी असणं ही गार्डन रीचमधली सर्वांत कठीण गोष्ट. तीस अंशाला एका घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते, आणि आषाढात नदीकाठची हवा त्या मर्यादेला टेकलेली असते. पिस्तुलाचं सिलिंडर शंभर घनसेंटीमीटरच्या आसपास. ते २०० बारला भरायचं तर बाहेरची वीस लिटर हवा आत कोंबावी लागते. त्या वीस लिटरांत अर्ध्या ग्रॅमहून जास्त पाणी, दहा-बारा थेंब. दाबलेल्या हवेला एवढी वाफ पेलवतच नाही. हातपंपावर भरता भरता बहुतेक पाणी पंपातच गोळा होतं आणि राहिलेलं आत जातं. तिथून, सिलिंडरचा दाब ठरल्या मापावर आणणाऱ्या रेग्युलेटरच्या बारीक स्प्रिंगवर गंज आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर पांढरट थर. इंजिनाच्या मेन रिझर्व्हॉयरला खाली ड्रेन कॉक असतो, तो उघडून पाणी सोडतात. पंपालाही तसाच सोडवणारा स्क्रू आहे. मी दर थोड्या स्ट्रोकनंतर थांबतो, पंप निवू देतो, स्क्रू सैल करून फुस्सकन पाणी बाहेर काढतो. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी सिलिका जेलची डबी. जेल निळं आहे तोवर ठीक, गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेनं परतून पुन्हा निळं करायचं. जमेल तितकं भरणं हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी करावं, हे माझं पक्कं मत आहे.

गळती शोधण्याची पद्धत वडिलांची. ते मोतीबागेत नव्या पोरांना सांगायचे, "कुठी गळत नाही थे पाह्य आधी." सिलिंडर पिस्तुलापासून काढा आणि त्याचं तोंड पाण्यात बुडवा. बुडबुडा नाही? मग सिलिंडर निर्दोष, त्याला पुन्हा हात लावू नका. आता जोडा आणि सांध्यावर साबणाचा फेस लावा. तिथंही नाही? रेग्युलेटरच्या नळकांड्यावर टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. पुष्कळांना तो कारखान्यातला दोष वाटतो, कुणी तर ते बुजवूनही टाकतात. ते मुद्दाम ठेवलेलं आहे. आतली सील गेली की हवा तिथून बाहेर येऊन सांगते. तिथं फेस हलला तर रेग्युलेटर उघडावा लागेल. आणि हवा नळीच्या तोंडातून येत असेल तर मुख्य व्हॉल्व्हची बैठक खराब आहे, किंवा तिच्यावर शिशाचा कण अडकला आहे. या चार जागांपलीकडे सहसा जावं लागत नाही. तीन जागा सुटल्या की चौथी सापडलेलीच असते, आणि माणूस निष्कारण सगळं पिस्तूल खोलत बसत नाही.

रेग्युलेटरचा एक आजार गळतीशिवायचा असतो आणि तो ओळखायला सर्वांत अवघड. मुलीचा पहिला पेलेट सतत वर जायचा. बाकीचे गोलात. तिच्या प्रशिक्षकांनी मनगट तपासलं, उभं राहणं तपासलं, पहिल्या गोळीची भीती असं निदान केलं, आणि ती बिचारी तेच खरं मानून बसली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, मी चहा पिऊन आले तरी पुन्हा पहिलाच वर जातो." चहा पिऊन आल्यावर! म्हणजे थांबलं की वर जातो. रेग्युलेटरची बैठक झिजली, की ठरलेल्या दाबावर बंद होण्याऐवजी तो हळूहळू हवा आत झिरपू देतो. पिस्तूल नुसतं पडून राहिलं तरी आतल्या कोठीत दाब चढतो आणि पुढची गोळी जास्त वेगानं सुटते. क्रोनोग्राफ आणून वेग मोजला, पाच मिनिटं थांबून मोजला, आणि आकड्यांनी तिला निर्दोष ठरवलं. कुणाच्याही मनावर बोट ठेवण्याआधी त्याच्या हत्यारावर ठेवावं, असं मी तेव्हापासून प्रत्येक पालकाला सांगतो.

तो रेग्युलेटर दुरुस्त करून घेण्यासाठी मात्र आम्ही रडकुंडीला आलो. एका दुकानानं पिस्तूल ठेवून घेतलं आणि महिने काढले. परत आलं तेव्हा ते उघडलंही नव्हतं. शेवटी बैठकीसाठी प्लास्टिकची टिकली जहाजाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरनं लेथवर काढून दिली, सील बडाबाजाराकडच्या हायड्रॉलिकच्या दुकानातून मापानं निवडून आणली, आणि चापाची झिजलेली पिन मटियाब्रुजच्या एका शिलाई मशीन मिस्त्रीनं घडवली. मिस्त्रीनं पिन डोळ्यांजवळ धरली, बोटांत फिरवली आणि म्हणाला, "होये जाबे, दादा." आणि झालीच. चापाचा भार ५०० ग्रॅम उचलतो की नाही हे स्पर्धेत वजन टांगून तपासतात. एक ग्रॅम कमी भरला तरी पिस्तूल बाद. ती पिन आजही तो भार उचलते. ज्या वस्तीत हजारो मशीनच्या सुया दिवसभर धडधडतात, तिथल्या हातांना शतांश मिलीमीटर म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

ज्यांच्या घरी असं पिस्तूल आहे त्यांना काही गोष्टी हात जोडून सांगतो. दाब असताना एकही स्क्रू सैल करू नका. सिलिंडर काढा, नळी सुरक्षित दिशेला धरून पेलेट न घालता चाप ओढून आतली हवा संपवा, मगच हत्यार हाती घ्या. ओ-रिंगला सिलिकॉनचं ग्रीस, तेही बोटाला चिकटेल इतकंच. मशीनचं तेल, गाडीचं ग्रीस, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही उच्च दाबाच्या हवेपाशी नेऊ नका. पेट्रोलियमचं तेल तिथं पेट घेऊ शकतं. वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन भरून घ्या, असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका, त्यात माणसं मरतात. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरात हवा भरू नका, आटे जुळले तरीही. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. उत्पादक साधारणपणे दहा वर्षांचं आयुष्य देतात, त्यानंतर ते कितीही चकचकीत दिसलं तरी बाद करा. आणि नळी फार घासू नका. फेल्टच्या गोळ्या मागच्या बाजूनं सोडल्या की पुरे, त्यानंतरचे काही पेलेट इकडंतिकडं जातील, ते जाऊ द्या.

हे सगळं घरगुती वाटेल, म्हणून टोकियोची आठवण देतो. २५ जुलै २०२१, महिलांची १० मीटर एअर पिस्तूल, पात्रता फेरी. ६० गोळ्या, ७५ मिनिटं. मनू भाकरच्या पिस्तुलात मध्येच बिघाड झाला. ती रेंजवरून बाहेर गेली, दुरुस्ती झाली, परतली तेव्हा ४४ गोळ्यांसाठी जेमतेम ३६ मिनिटं उरली होती. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. देशभर तिच्या मनोबलावर चर्चा झाली. पॅरिसला २०२४ मध्ये तिनं दोन कांस्यपदकं आणली आणि मनोबलाचा प्रश्न मिटला. पण त्या मिनिटांमध्ये पिस्तूल खोलून पुन्हा जोडणारे हात, त्यांचं शिक्षण, त्यांच्या पेटीतले सुटे भाग, यांवर कुणी बोललं नाही.

इतिहासात याला फार मोठा दाखला आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १७८० च्या सुमारास जिरार्डोनीची हवेची बंदूक स्वीकारली. एका दमात वीस गोळ्या, धूर नाही, पावसात बारूद भिजण्याची भीती नाही. त्या काळच्या साध्या बंदुकीपुढे तो चमत्कारच होता. तिची हवेची टाकी भरायला सुमारे १,५०० वेळा पंप मारावा लागे आणि सील चामड्याची, ओली ठेवावी लागणारी. १८१५ च्या आसपास ती सैन्यातून गेली. बंदूक वाईट म्हणून नव्हे. ती सांभाळू शकणारे कारागीर पुरेसे नव्हते.

आपल्याकडे नेमबाज कमी नाहीत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतनं २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण आणलं, राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत नोकरी करत पॅरिसला कांस्यपदकापर्यंत पोचला. कोलकात्याचा जयदीप कर्माकर लंडनला २०१२ मध्ये चौथा आला. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाच्या स्पर्धेत आजही जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं उतरतात. त्यांतल्या किती मुलांच्या जिल्ह्यात रेग्युलेटर उघडणारा एक तरी माणूस आहे?

रेल्वेनं खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, हे मोठं काम झालं. आता तिनं दुसरं करावं. खरगपूरला, मोतीबागेला, आमच्या गार्डन रीचला, ब्रेकचा डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह उघडून स्वच्छ करून पुन्हा जोडणारे फिटर आहेत. गळती ऐकून ओळखणारे कान आहेत. त्यांतल्या दोघा-दोघांना नेमबाजीच्या हत्यारांचं रीतसर शिक्षण द्यावं, एक लांब टेबल, एक क्रोनोग्राफ, सीलची मापवार पेटी आणि कोरड्या हवेचा कॉम्प्रेसर द्यावा, आणि रविवारी ते टेबल आसपासच्या मुलांसाठी उघडं ठेवावं. महाराष्ट्रातल्या क्लबांनीही रेंजची नवी लेन घालण्याआधी असं एक टेबल घालावं. खर्च एका चांगल्या पिस्तुलाहून फार जास्त येणार नाही. हे वाचणाऱ्यांत कुणी रेल्वेच्या क्रीडा विभागात असेल, एखाद्या रायफल क्लबाच्या कार्यकारिणीवर असेल, तर पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा. शिकवायला माणूस लागला तर मी येईन.